उथळ कुंडीतला एल्म

माझा पहिला एल्म, म्हणजे उथळ कुंडीत छाटून बुटकं ठेवलेलं बोन्सायचं झाड, मी काळजी घेऊन घेऊन मारला. सकाळी उठलं की आधी त्याला पाणी. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा वाटलं, तहानलं असेल, म्हणून संध्याकाळीही पाणी. तीन आठवड्यांत झाड संपलं. कुंडीतून उपसून काढलं तर मुळं काळी पडलेली, चिमटीत धरली की वरची साल मोज्यासारखी निघून हातात यायची, आणि वास कुजका. गंमत म्हणजे वरची माती कोरडी होती.

वर कोरडं आणि तळाशी चिखल हे कसं काय, ते घरच्या घरी बघता येतं. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. ठिबकणं पूर्ण थांबू द्या. आता तोच स्पंज, न पिळता, उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल! स्पंजमधल्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात, पण ठरावीक उंचीपर्यंतच. त्याहून वरचं पाणी गुरुत्वाकर्षण खाली ओढून नेतं. आडव्या स्पंजाला मुळात तेवढी उंचीच नव्हती, म्हणून तो जवळजवळ भरलेलाच राहिला होता.

कुंडीत हेच होतं. पाणी घालून निचरा झाल्यावरही तळाशी एक ओलागच्च थर उरतो. त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा हा थर 4 सेंटिमीटरचा आहे. 20 सेंटिमीटर खोल कुंडीत तो तळाचा पाचवा हिस्सा झाला. 5 सेंटिमीटरच्या बोन्सायच्या ट्रेमध्ये मात्र जवळपास सगळी मातीच त्यात बुडाली. कुंडी जितकी उथळ, तितकी मुळं पाण्यात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि पाण्यातून ऑक्सिजन पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश. माझा एल्म तहानेने नाही, गुदमरून गेला. मुळं कुजली की पानांपर्यंत पाणी पोहोचत नाही, पानं मलूल होतात, आणि आपण पुन्हा झारी उचलतो. तळाला खडीचा थर दिल्यानेही हे सुटत नाही. ओला थर खडीवर चढून बसतो, एवढंच.

उपाय एकच, कण जाड हवेत. म्हणून बोन्सायवाले बागेची माती वापरत नाहीत. अकादामा ही जपानी दाणेदार चिकणमाती, प्युमिस हा हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड, लाव्हा खडक यांचे साधारण 3 ते 5 मिलिमीटरचे दाणे चाळून, भुकटी टाकून देऊन वापरतात. त्यात पाणी घालायचं ते तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत, आणि मग थांबायचं. लाकडी काडी मातीत खुपसून दहा मिनिटांनी काढा. ओली, गडद निघाली तर झारी जागेवर ठेवा. पण दाणे पार वाळूही देऊ नका, उथळ कुंडीत पाण्याचा साठाही थोडाच असतो. ‘दर दोन दिवसांनी’ असं वेळापत्रक देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. झाड कॅलेंडर बघत नाही.

नवशिक्याला बहुतेक वेळा जो एल्म मिळतो तो चिनी एल्म, उल्मस पार्व्हिफोलिया. चीन, कोरिया, जपान हा त्याचा मुलूख. जमिनीत लावला तर 15 मीटरच्याही पुढे जाईल. बोन्साय ही काही बुटकी जात नव्हे, बुटकेपण येतं ते कुंडी आणि कात्री यांच्यामुळे. पानं मुळातच लहान असतात, काठाला दातेरी, आणि देठापाशी दोन्ही बाजू सारख्या नसतात. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले एल्म ज्या ‘डच एल्म’ बुरशीरोगाने कोट्यवधींनी मेले, त्याला हा भाई बराच दाद देत नाही. मात्र जागा बदललेली त्याला खपत नाही. घरी आणल्यावर रुसून पानं टाकतो. घाबरू नका, डहाळीवर नखाने हलकंसं खरवडा. आत हिरवं दिसलं तर तो जिवंत आहे. खोलीच्या मध्यावर मात्र ठेवू नका. आपले डोळे अंधाराला सरावतात, म्हणून तिथे किती कमी उजेड आहे ते आपल्याला कळतच नाही. शक्यतो बाहेर, नाहीतर खिडकीला अगदी चिकटून.

छाटणीमागेही विज्ञान आहे. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खाली वाहतं आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा खुडला की तो धाक संपतो आणि पानांच्या बगलेतले डोळे फुटतात. नव्या फुटीला सहा-आठ पानं आली की दोन-तीन ठेवून कापायचं. शेवटी राहिलेलं पान ज्या बाजूला तोंड करून असतं, त्याच बाजूला नवी फांदी निघते. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मला कात्री आवडायला लागली. तार गुंडाळून फांदी वळवता येते, पण एल्म भराभर जाड होतो. दर आठवड्याला बघा, नाहीतर तार सालीत रुतते आणि तिचा वळ वर्षानुवर्षं राहतो.

दोन वर्षांनी, वसंतात डोळे फुगायच्या सुमारास, झाड कुंडीतून काढून साधारण एक तृतीयांश मुळं कापायची. कापलेली जाड मुळं टाकू नका, चिनी एल्म मुळांच्या तुकड्यांपासूनही उगवतो. खोडाकडचं टोक वर ठेवायचं, जरासं मातीबाहेर. माझ्या दुसऱ्या एल्मचे असे तीन तुकडे मी खोवले होते. दोन कुजले, हो, पाणीच जास्त झालं. तिसऱ्याच्या टोकावर काही आठवड्यांनी लालसर टाचणीएवढे ठिपके दिसले, चार डोळे, एकाच बाजूला गर्दी करून. त्यातला कोणता ठेवायचा, हे अजून ठरलेलं नाही.