मॅकबेथ: महत्त्वाकांक्षा आणि भीती

शेक्सपिअरची 'मॅकबेथ' (सुमारे १६०६, प्रथम मुद्रण १६२३) ही महत्त्वाकांक्षेची शोकांतिका म्हणून ओळखली जाते. ते खरे, पण अर्धेच. महत्त्वाकांक्षेपायी होतो तो राजा डंकनचा खून. पुढचे बहुतेक रक्त भीतीपोटी सांडते.

दोन्ही भावना जन्मतात मात्र एकदमच. माळरानावर चेटकिणी 'तू राजा होशील' म्हणतात तेव्हा स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ दचकतो. इतके गोड ऐकून घाबरायचे कशाला, असे सोबतचा सरदार बँको विचारतो. मॅकबेथ उत्तर देत नाही.

डंकन हा आपला राजा, नातलग आणि आजचा पाहुणा, ही खून न करण्याची कारणे मॅकबेथ स्वतःच मोजतो. दुसऱ्या पारड्यात टाकायला त्याच्याकडे नुसती महत्त्वाकांक्षा असते. तो बेत रद्द करतो. त्याची बायको लेडी मॅकबेथ त्याला फिरवते ती मुकुटाची लालूच दाखवून नव्हे, तर भेकड म्हणून हिणवून. भित्रा ठरण्याची भीती पापाच्या भीतीवर मात करते.

खून रंगमंचावर होतच नाही. दिसतात ते रक्ताने माखलेले हात. झोपेतून जागे झालेले दोघे 'देवा, कृपा कर' म्हणाले आणि आपल्या तोंडून मात्र 'आमेन' निघेना, एवढेच मॅकबेथ घोकत राहतो. खंजीर तिथेच ठेवायचे सोडून तो उचलून आणतो आणि परत ठेवायला जायची त्याची छाती होत नाही. लेडी मॅकबेथ जाते. पण झोपलेला डंकन आपल्या वडिलांसारखा दिसला म्हणून वार करायला तीही कचरलेली असते.

गादी मिळाल्यावर हवी असते ती निर्धास्ती. बँकोचे वंशज राजे होतील या भाकिताने तो पोखरला जातो. बँको मारला जातो, मुलगा फ्लीअन्स निसटतो. भर मेजवानीत बँकोचे भूत मॅकबेथच्या जागेवर येऊन बसते. मॅकडफ या सरदाराच्या बायकामुलांची कत्तल तर कोणत्याच हिशेबात बसत नाही. त्यातून मिळण्यासारखे काही नव्हते.

इतिहासातला मॅकबेथ १०४० ते १०५७ स्कॉटलंडवर राज्य करत होता आणि डंकन लढाईत पडला होता. शेक्सपिअरने मुख्य आधार घेतलेल्या हॉलिन्शेडच्या बखरीत बँको कटात सामील आहे आणि मॅकबेथची दहा वर्षे सुराज्याची आहेत. नाटकात दोन्ही गोष्टी नाहीत. बँकोला निर्दोष करण्यामागे राजकारणही असावे, कारण तेव्हाचा राजा पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे. सुराज्याची वर्षे गाळल्यामुळे मात्र मॅकबेथला उसंतच उरत नाही.

पाचव्या अंकात बायकांचा आक्रोश ऐकू येतो. पूर्वी अशा किंकाळीने अंगावर काटा आला असता, आता भीतीची चवच जवळजवळ विसरलो, असे तो म्हणतो. त्याआधी लेडी मॅकबेथ झोपेत चालताना दिसते, हातात दिवा घेऊन. उशाशी सतत उजेड ठेवायचा, असा तिचा हुकूम असतो.