अनुस्फुरक डीएनए प्रोब : रक्तकर्करोगांतील जनुक-पुनर्रचनांचा शोध

गुणसूत्रांचे तुकडे तुटून भलत्या ठिकाणी जोडले गेल्याने होणाऱ्या जनुक-पुनर्रचना ओळखण्यासाठी वापरले जाणारे, रंगीत प्रकाश देणाऱ्या रेणूंनी अंकित केलेले डीएनएचे तुकडे. त्यांना ‘प्रोब’ म्हणतात. ज्या पद्धतीत ते वापरतात ती ‘फिश’ (फ्लुओरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन, म्हणजे जागच्या जागी अनुस्फुरक संकरण) या नावाने ओळखली जाते.

या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. पेशीतील डीएनए जागच्या जागी ठेवून त्याच्याशी पूरक धाग्याचे संकरण (जुळून जोडी होणे) घडविण्याचे प्रयोग जोसेफ गॉल व मेरी-लू पार्ड्यू यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जॉन, बर्नस्टील व जोन्स यांनीही स्वतंत्रपणे तसेच काम केले. त्या प्रयोगांतील खुणा मात्र किरणोत्सर्गी होत्या. 1977 मध्ये रुडकिन व स्टोलर यांनी अनुस्फुरक प्रतिपिंडांच्या साहाय्याने संकरित रेणू दृश्य केले, तर 1980 च्या सुमारास बाउमन आणि सहकाऱ्यांनी रंगद्रव्य थेट आरएनए प्रोबला जोडले. आजचे बहुतेक व्यापारी प्रोब स्वतःच रंगद्रव्य वाहत असल्याने दुसरा मार्ग त्यांना अधिक जवळचा मानणे सयुक्तिक वाटते. डीएनएच्या घटकांना बायोटिन (खूण म्हणून वापरता येणारे एक जीवनसत्त्व) जोडण्याची 1981 मधील रीतही या विकासात महत्त्वाची ठरली. दीर्घकालीन मज्जाजन्य रक्तकर्करोगात बाविसाव्या गुणसूत्रावरील बीसीआर व नवव्यावरील एबीएल ही जनुके जोडली जातात; हा बीसीआर-एबीएल संयोग द्विरंगी प्रोबने दाखविणारा त्काचुक आणि सहकाऱ्यांचा निबंध 1990 मधील आहे.

नमुना तापवून त्यातील डीएनएचे धागे सुटे करतात आणि प्रोब सामान्यतः 37 अंश सेल्सिअसला रात्रभर त्याच्याशी जुळू देतात. विभाजन चालू नसलेल्या पेशीही तपासता येतात, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

प्रोबची रचना हा या विषयाचा गाभा होय. नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांवरील या जनुकांच्या स्थळांना लाल व हिरवा प्रोब लावल्यास निरोगी पेशीत प्रत्येक रंगाचे दोन ठिपके सुटे दिसतात; जनुके जोडली गेली असल्यास लाल व हिरवा ठिपका एकत्र दिसतो, त्यालाच संयोग म्हणतात. केंद्रक त्रिमित असले तरी प्रतिमा सपाट असते. त्यामुळे दोन ठिपके केवळ योगायोगाने एकमेकांवर पडून संयोगाचा आभास निर्माण होतो. प्रत्येक बाजूचा प्रोब तुटण्याच्या बिंदूच्या पलीकडेपर्यंत पसरवून दोन संयोग दिसतील अशी रचना केल्यावर हा दोष बराच कमी झाला, कारण एकाच पेशीत दोन योगायोग जुळणे विरळ असते. मात्र काही रुग्णांत बदललेल्या नवव्या गुणसूत्राचा भाग गळालेला असतो आणि तेव्हा एकच संयोग दिसतो. हे लक्षात न घेणारा तपासनीस अहवालात चूक करू शकतो. आभासी संयोग पूर्णपणे टळत नसल्याने प्रत्येक प्रयोगशाळेला निरोगी नमुन्यांवरून स्वतःची मर्यादारेषा, म्हणजे किती पेशींत संयोग दिसल्यास तो खरा मानायचा ते प्रमाण, ठरवावी लागते.

केएमटी2ए या अकराव्या गुणसूत्रावरील जनुकाचे जोडीदार कित्येक असल्याने तेथे उलट युक्ती वापरतात : जनुकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे रंग ठेवले, की पुनर्रचनेने ते विलग होतात. यात पुनर्रचना कळते, पण जोडीदार कळत नाही. आयजीएच व एमवायसी या अन्य जनुकांसाठीही असेच प्रोब आहेत.

काही पुनर्रचना सूक्ष्मदर्शकाखालील नेहमीच्या गुणसूत्र-परीक्षणात निसटतात. लहान मुलांतील तीव्र लसीकापेशीय रक्तकर्करोगात आढळणारा ईटीव्ही6-आरयूएनएक्स1 संयोग त्यांपैकी एक असून फिशने तो स्पष्ट दिसतो. एफआयपी1एल1-पीडीजीएफआरए संयोगात चौथ्या गुणसूत्रावरील सुमारे 800 किलोबेसचा (एक किलोबेस म्हणजे डीएनएच्या हजार घटकांची लांबी) मधला भागच नाहीसा होतो. त्यामुळे त्या भागातील सीएचआयसी2 जनुकाचा प्रोब वापरतात आणि त्याचा ठिपका न दिसणे हीच निदानाची खूण मानतात.