मालदीव

मालदीव : हिंदी महासागरातील द्वीपराष्ट्र व प्रजासत्ताक. भूक्षेत्र सु. २९८ चौ. किमी. लोकसंख्या सु. ५,१५,००० (२०२२), पैकी सुमारे चौथा हिस्सा परदेशी कामगारांचा. राजधानी माले. ७° ६′ उ. ते ०° ४२′ द. या अक्षांशांदरम्यान, श्रीलंकेच्या नैर्ऋत्येस, सु. ८७० किमी. लांब व १३० किमी. रुंद अशा सागरपट्ट्यात ही बेटे दक्षिणोत्तर विखुरली आहेत. उत्तरेस आठ अंश खाडीपलीकडे लक्षद्वीपमधील मिनिकॉय आहे. तेथील महल बोली ही मालदीवच्या धिवेही भाषेचेच एक रूप आहे. बेटांची संख्या सामान्यतः १,१९२ दिली जाते. मात्र वाळूचे बेट केव्हा मोजायचे आणि केव्हा सोडायचे याला ठाम नियम नाही, शिवाय काही बेटे मोसमागणिक आकार बदलतात, त्यामुळे ही संख्या अंदाजीच समजावी. वस्ती सु. १९० बेटांवर आहे.

भूरचना : ‘अ‍ॅटॉल’ (कंकणद्वीप) हा शब्द जगातील भूगोलग्रंथांत गेला तो धिवेहीतील ‘अथोळु’ या शब्दावरून. मालदीवमध्ये अशी सु. २६ नैसर्गिक कंकणे आहेत. प्रशासनासाठी त्यांचे वीस गट केले आहेत. बेटांवर कोठेही मूळ खडक दिसत नाही, जमीन म्हणजे प्रवाळाचा चुरा व वाळू. ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅम या आंतरराष्ट्रीय सागरतळ-संशोधन प्रकल्पाच्या १९८७ मधील वेधनात पूर्व कडेला प्रवाळी थराखाली सु. ५.७ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट मिळाला. ज्या तप्त स्थानातून (भूपट्टाखालील लाव्ह्याच्या उगमातून) सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाथर बाहेर पडले, त्याच स्थानावरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असता पुढे लक्षद्वीप–छागोस कटक घडला, असे मानतात. हे स्थान आज रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे सह्याद्रीचा कातळ आणि मालदीवचा बुडालेला पाया एकाच उगमाचे ठरतात.

कंकणांच्या आकाराविषयी मात्र मतभेद आहेत. पाया खचत जातो व प्रवाळ वर वाढत राहतो, ही चार्ल्स डार्विनची उपपत्ती (१८४२). मालदीवबद्दल तिचा आधार होता ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईस्थित आरमारातील कॅ. रॉबर्ट मोरेस्बी याने १८३४–३६ मध्ये केलेली सागरी मोजणी. परंतु मालदीवच्या मोठ्या कंकणाच्या कडेवर व पोटातही लहान लहान कंकणे असतात (धिवेही ‘फारु’, यावरून शास्त्रीय संज्ञा ‘फारो’). केवळ खचण्याने त्यांचा उलगडा होत नाही. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून अधिक खाली गेला असता उघड्या पडलेल्या चुनखडीवर पावसाने खळगे पाडले व पुढे प्रवाळाने त्यांच्याच कडा उंच केल्या, असे नंतरचे भूवैज्ञानिक सुचवतात. दोन्ही प्रक्रिया मान्य केल्यास दृश्य रूप अधिक नीट समजते.

बेटांची नैसर्गिक उंची कोठेही सु. २.४ मी.हून जास्त नाही. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरच्या आत आहे. नद्या नाहीत. पावसाचे पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराचा गोडा थर तरंगत राहतो, त्यातच विहिरी खणत. मालेतील हा थर अतिउपशाने व सांडपाण्याने निकामी झाला असून शहर खारे पाणी गोडे करणाऱ्या संयंत्रांवर जगते. डिसेंबर २०१४ मध्ये तेथे आग लागली, तेव्हा भारतातून विमानांनी व जहाजांनी पाणी पाठवावे लागले.

वर्षाचे दोन मोसम : ‘हुळंगु’ (नैर्ऋत्य) व ‘इरुवै’ (ईशान्य). मासेमारी, लागवड व घरबांधणी यांचे मुहूर्त ‘नकै’वरून ठरत. नकै म्हणजे नक्षत्र. ती सत्तावीस असून प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचे असते : अस्सिधा, रोनु, अधा, फुनोस, मुला, रेवा इत्यादी. आर्द्रा आणि पुनर्वसू पाहून पेरणी-लावणीचा हिशेब करणाऱ्या कोकणी शेतकऱ्याला ही नावे परकी वाटू नयेत.

नाव व प्राचीन उल्लेख : ‘मालाद्वीप’ (बेटांची माळ) ही व्युत्पत्ती सर्वांत लोकप्रिय आहे; ती बेटांच्या रूपाला शोभते, पण तिला जुना लेखी आधार तोकडा आहे. सिंहली-पाली परंपरेतील ‘महिलादीप’ हा उल्लेख काही विद्वान या बेटांना लावतात. चौदाव्या शतकातील मोरोक्कन प्रवासी इब्न बतूता ‘धीबत-अल-महल’ म्हणतो, म्हणजे ‘महल’ या राजबेटावरून पडलेले नाव. मिनिकॉयच्या बोलीचे नाव पाहता हा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. पहिल्या राजराज चोळाच्या लेखातील ‘समुद्रातील बारा हजार जुनी बेटे’ हीच असावीत. रहिवासी स्वतः देशाला ‘धिवेही राज्जे’ (बेटकऱ्यांचे राज्य) म्हणतात.

धर्मांतर : इस्लामपूर्व काळात येथे बौद्ध धर्म होता, हे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ एच. सी. पी. बेल याने १९२०–२२ मध्ये नोंदवलेल्या स्तूपांवरून व नंतर काशिधू येथील उत्खननावरून निश्चित आहे. तोड्डू येथील स्तूपात १९५८ मध्ये इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमन नाणे मिळाले; नाणे मात्र स्तूपाचा काळ ठरवीत नाही.

राजाने इस्लाम स्वीकारल्याचे वर्ष परंपरेने हि. ५४८ (इ. स. ११५३) मानतात. कोणी उपदेश केला, याविषयी दोन पक्ष आहेत. इब्न बतूता (वास्तव्य १३४३–४४; काही काळ येथील काजी) मगरिबच्या (वायव्य आफ्रिकेतील) अबुल बरकात अल्-बर्बरी याचे नाव देतो. समुद्रातून येऊन दरमहा कुमारिकेचा बळी घेणाऱ्या जिनाला त्याने कुराणपठणाने घालवले, अशी कथा आहे. दुसरा पक्ष तब्रीझच्या यूसुफचे नाव घेतो. स्थानिक तवारिखेचा कल इकडे आहे. नुक्ते (अक्षरे वेगळी ओळखू देणारी टिंबे) नसलेल्या अरबी लिपीत ‘बर्बरी’ व ‘तब्रीझी’ यांची अक्षराकृती जवळपास एकच होते, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. इब्न बतूता स्वतः मगरिबचा असल्याने त्याचे वाचन स्वदेशाकडे झुकले असणे अशक्य नाही.

‘लोमाफानु’ म्हणजेच ताम्रपट या वादापेक्षा जास्त बोलतात. इस्दू व धनबिदू येथील पट बाराव्या शतकाच्या अखेरीचे, म्हणजे परंपरागत धर्मांतरानंतर सु. चार दशकांनी दिलेले आहेत. दक्षिणेतील विहार मोडणे, भिक्षूंना मालेस आणून ठार करणे आणि जमिनी मशिदींना लावून देणे यांची नोंद त्यांत आहे. त्यामुळे ११५३ हे राजघराण्याच्या धर्मांतराचे वर्ष धरले, तरी सर्व बेटांचे धर्मांतर त्याच वर्षी झाले असे म्हणता येत नाही. या काळाची साक्ष देणारी सु. तीस शिल्पे फेब्रुवारी २०१२ मध्ये मालेच्या राष्ट्रीय संग्रहालयात शिरलेल्या जमावाने फोडली. इस्लामपूर्व संग्रहाचा मोठा भाग त्यात गेला. ही हानी भरून येणारी नाही.

भाषा व लिपी : धिवेही ही इंडो-आर्यन भाषा सिंहलीची निकटची नातलग आहे. ती मध्ययुगीन सिंहलीपासून फुटली, हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म गायगरचे मत. दोन्ही भाषा त्याहून पुष्कळ आधी वेगळ्या झाल्या असाव्यात, असे अलीकडील अभ्यासक मानतात व ते ग्राह्य दिसते. जुनी ‘दिवेस अकुरु’ लिपी डावीकडून उजवीकडे चाले. आजची ‘थाना’ उजवीकडून डावीकडे लिहितात. ती सतराव्या-अठराव्या शतकांच्या सुमारास रूढ झाली असावी. तिची पहिली नऊ अक्षरे अरबी अंकांवरून व पुढची नऊ देशी अंकांवरून घेतली आहेत.

राज्यव्यवस्था : पोर्तुगीजांचा अंमल १५५८–७३ एवढाच टिकला; उतीमूच्या मुहम्मद ठकुरुफानुने तो मोडला. एकोणिसाव्या शतकात मालेचा व्यापार मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्यांच्या हाती गेला. त्यातून उसळलेल्या दंग्यांच्या पार्श्वभूमीवर १८८७ मध्ये सुलतानाने ब्रिटिश संरक्षण पत्करले. २६ जुलै १९६५ रोजी स्वातंत्र्य. ११ नोव्हेंबर १९६८ पासून प्रजासत्ताक (१९५३ मधील पहिला प्रयोग अल्पजीवी). मौमून अब्दुल गयूम १९७८–२००८ अध्यक्ष होते. ३ नोव्हेंबर १९८८ चे बंड भारतीय सैन्याच्या मदतीने मोडले. २००८ च्या संविधानाने बहुपक्षीय अध्यक्षीय पद्धती आली. विधिमंडळास ‘मजलिस’ म्हणतात. नागरिकत्व मुस्लिमांपुरते मर्यादित आहे. २०२३ पासून मोहम्मद मुइझ्झू अध्यक्ष आहेत.

अर्थव्यवस्था : पर्यटन (१९७२ पासून) हा मुख्य आधार, २०२४ मध्ये वीस लाखांवर पर्यटक आले. तांदळासह बहुतेक अन्न आयात होते. कुपा मासळी गळाने एकेक करून पकडतात. ती उकडून, धुरावून व वाळवून ‘हिकिमस’ होते. काथ्याची ख्याती जुनी आहे.

त्याहून महत्त्वाची होती कवडी. खारकच्छात नारळाच्या झावळ्या टाकून त्यांना चिकटलेले जीव गोळा करीत व वाळूत पुरून कुजवीत. तांदळाच्या मोबदल्यात ती बंगालला जाई व तेथे चलन म्हणून चाले. पुढे डच व इंग्रज व्यापाऱ्यांनी ती पश्चिम आफ्रिकेत गुलामांच्या खरेदीसाठी नेली. आपल्याकडे ‘कवडीमोल’ म्हणतात ती कवडी बऱ्याच अंशी याच समुद्रातील असावी. आजचे चलन रुफिया व त्याचा शंभरावा भाग लारी. लारी हे मूळ इराणमधील लार येथील, वाकवलेल्या चांदीच्या तारेचे नाणे. तसेच नाणे विजापूरच्या आदिलशाहीनेही पाडले होते. मालदीवच्या सुलतानांनी ती तार आखूड केली व अखेर गोल नाण्यालाच ते नाव राहिले.