बारमाही गुलाबाचं बिघडलेलं जनुक

दसरा उलटला, पावसाने पाठ फिरवली की परभणी-नांदेडपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत दारोदारच्या गुलाबांवर कात्री चालते. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटणी आणि तिथून साधारण 45 दिवसांनी फुलं, हे गणित इथल्या माळ्यांना तोंडपाठ असतं. आमच्या महाविद्यालयाच्या वनस्पती उद्यानातले गुलाबाचे वाफे बघायला त्या सुमारास बरीच माणसं येतात. बहुतेकांची समजूत एकच असते: गुलाब बारा महिने फुलतो तो खतापाण्याच्या जोरावर, आणि फुलला नाही तर माळी कामचुकार. खतापाण्याशिवाय गुलाब जोम धरत नाही, हे बरोबर आहे. पण त्याच्या बारमाही फुलण्याचं मूळ शेणखतात नाही. त्याचं एक जनुक बिघडलेलं आहे, म्हणून तो बारमाही फुलतो. ही गोष्ट गुलाब लावणाऱ्या प्रत्येकाला कळली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

निसर्गात वाढणारे बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच फुलतात. हिवाळा सरला की बहर येतो, तो ओसरला की वर्षभर नुसती पानं आणि फांद्या. आपल्याच देशात हे बघायला मिळतं. कनौज-हाथरसच्या बाजूला अत्तरासाठी जो दमास्क गुलाब लावतात, त्याचा मुख्य बहर मार्च-एप्रिलचा. तेवढ्या दिवसांत भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात. युरोपातले जुने गुलाबही बव्हंशी असेच एकबहारी होते. मग अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून काही बागायती गुलाब इंग्लंडला पोचले. 1793 च्या सुमारास आलेला फिकट गुलाबी ‘ओल्ड ब्लश’ त्यांतला सगळ्यात प्रसिद्ध. चिनी माळ्यांनी हे गुलाब कित्येक शतकं जपले होते, कारण त्यांना फुलायला ऋतू लागत नव्हता. आज बाजारात मिळणाऱ्या बारमाही गुलाबांपैकी बहुतेकांच्या अंगात या चिनी पूर्वजांचा वाटा आहे.

आता मुद्द्याचं. रोपाने फूल काढायचं की फांदी वाढवायची, हा निर्णय फांदीच्या अगदी टोकाला, डोळ्याने दिसणारही नाही एवढ्या कोंबाच्या पेशींत होतो. तिथे एफडी नावाचं एक प्रथिन असतं. त्याला जोडीदार लागतो आणि उमेदवार दोन असतात. एक एफटी: हे पानात तयार होतं, रसवाहिन्यांतून टोकाशी पोचतं आणि ‘फूल काढ’ असा निरोप देतं. दुसरं केएसएन: हे ‘फूल नको, वाढत राहा’ म्हणतं. गंमत म्हणजे दोघं एकाच कुळातले, रचनेत इतके सारखे की एफडीशी दोघांचंही जुळतं. एसटीतल्या एका सीटवर दोन प्रवाशांनी रुमाल टाकावा, तशी ही चढाओढ. एफटी बसलं तर फुलाची जनुकं चालू होतात, केएसएन बसलं तर बंद राहतात.

एकबहारी गुलाबात वसंताच्या सुरुवातीला केएसएन कमी असतं, म्हणून फूल येतं. त्यानंतर निघणाऱ्या कोवळ्या फांद्यांत केएसएनचं प्रमाण चढतं आणि पुढच्या वसंतापर्यंत फुलाला बंदी. जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचाही यात हात असतो. ते केएसएन वाढवतं.

‘ओल्ड ब्लश’मध्ये हे केएसएन तयारच होत नाही. जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक लांबलचक उपरा तुकडा घुसून बसला आहे. असे तुकडे स्वतःची नक्कल काढून गुणसूत्रावर दुसरीकडे जाऊन बसतात; त्यांना ‘उड्या मारणारी जनुकं’ म्हणतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या रंगीबेरंगी दाण्यांवरून उड्या मारणाऱ्या जनुकांचा शोध लावला आणि 1983 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गुलाबातला तुकडा ‘कोपिया’ गटातला आहे. तो जनुकाच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागात बसला आहे, तरीही त्याच्यामुळे जनुकाचं वाचन अडतं. केएसएन नाही म्हणजे एफटीला अडवणारं कोणी नाही, म्हणून जो नवा फुटवा निघेल तो टोकाला कळी घेऊनच येतो. ऑक्टोबरची छाटणी फुलं देते ती याच कारणाने. कात्रीने आपण फक्त नवे फुटवे काढायला लावतो. प्रत्येक फुटव्याने फुलावं, हे त्या बिघाडाने आधीच ठरवून ठेवलं आहे. 2012 मध्ये हे जनुक सापडलं आणि 2018 मध्ये ‘ओल्ड ब्लश’ची संपूर्ण जनुकीय माहिती वाचून झाली. सात जोड गुणसूत्रं आणि सुमारे 36 हजार जनुकं, त्यांतलं एक हे.

मग चिनी गुलाब युरोपात पोचताच दोन-चार वर्षांत आजच्यासारखे बारमाही संकर का निघाले नाहीत? आजच्या मोठ्या फुलांच्या बारमाही संकरांना ‘हायब्रिड टी’ म्हणतात; त्यांतला पहिला मानला जाणारा ‘ला फ्रान्स’ 1867 चा. मध्ये सत्तरेक वर्षं गेली. एक कारण असं की बिघाड अप्रभावी आहे. एक जरी प्रत धड असली तरी ती पुरेसं केएसएन बनवते आणि झाड एकबहारी होतं. मेंडेलचे वाटाणे आठवा: पहिल्या पिढीत बारमाही गुण गायब, दुसऱ्या पिढीत चारांत एक. पण गुलाबात हिशेब याहून अवघड आहे. चिनी गुलाबात गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे 14. युरोपातल्या गॅलिका गुलाबात चार संच, म्हणजे 28. दोघांकडून निम्मे-निम्मे संच येतात, म्हणून त्यांची संतती बहुधा तीन संचांची आणि वांझोटी. क्वचित चिनी गुलाबाचा परागकण आपली 14 च्या 14 गुणसूत्रं घेऊन आला, तर चार संचांचं सुपीक रोप मिळतं: दोन प्रती धड, दोन बिघडलेल्या. त्याच्या परागकणात आणि अंडपेशीत दोन-दोन प्रती जातात. दोन्ही बिघडलेल्या असण्याची शक्यता सहात एक. दोन्ही बाजूंनी तसंच जुळायचं, म्हणजे 36 रोपांत एक. त्यातही रंग, आकार, वास मनासारखा हवा. जनुक म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नसताना ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रोपं लावून हे साधलं, त्यांच्या चिकाटीपुढे मान झुकते.

आता आपल्या अंगणात येऊ. ‘आमचा गुलाब चांगला फुलायचा, आता उलटला’ अशी तक्रार कायम येते. त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली आणि नेहमीची म्हणजे खुंटाचा फुटवा. रोपवाटिकेतला गुलाब जंगली खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या जंगली गुलाबाच्या बुंध्यावर, चांगल्या गुलाबाचा डोळा भरून केलेला असतो. बुंध्याशी माती बाजूला सारून बघा. जिथे डोळा भरला तिथे गाठीसारखा फुगवटा दिसतो. त्याच्या खालून निघणारा धुमारा खुंटाचा. तो जोमाने वाढून वरच्या कलमाला उपाशी मारतो. पाच पानांची फांदी चांगली आणि सात पानांची जंगली, ही ओळख मात्र भरवशाची नाही. कित्येक चांगल्या गुलाबांना सात पर्णिका येतात. धुमारा कुठून निघाला तेवढं पाहावं आणि वरून न कापता मुळाशी धरून उपटून काढावा.

दुसरी गोष्ट दुर्मीळ. गाठीच्या वरूनच एखादी फांदी वेलीसारखी आठ-दहा फूट सुसाट जाते आणि तिच्यावर फुलं मोजकीच. हा खुंट नव्हे, त्याच गुलाबाचा बदललेला अवतार. ‘पीस’ या झुडपी गुलाबाचा ‘क्लायंबिंग पीस’ हा वेलगुलाब असाच झाला. अशा काही वेली तपासल्या तेव्हा आढळलं की केएसएनमधला उपरा तुकडा निघून गेला आहे. त्याची दोन्ही टोकं एकसारखी असतात. ती एकमेकांशी जुळली, मधला भाग गळाला आणि एक छोटं टोक तेवढं मागे उरलं. जनुक पुन्हा वाचलं जाऊ लागलं, केएसएन तयार झालं, फांदी फुलायची सोडून वाढत सुटली.

या साध्या कारणांऐवजी लोक काय सांगतात ते ऐकून जीव जळतो. पाळीत बाईने हात लावला म्हणून गुलाब जळाला, असं शिकली-सवरलेली माणसं आजही बोलतात आणि मुलींना त्या चार दिवसांत बागेत जाऊ देत नाहीत. 1920 मध्ये बेला शिक या नामांकित डॉक्टरनेही पाळीतल्या बाईच्या हाताने फुलं कोमेजतात असा दावा केला होता. नंतरच्या तपासण्यांत त्याला आधार मिळाला नाही आणि विज्ञानाने तो टाकून दिला. आपणही टाकावा. झाड वाळतं ते बुंध्याशी पाणी साचून, वाळवी लागून, किंवा मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेल्यावर आच्छादन नसल्याने.

वेल झालेली फांदी मात्र लगेच कापून टाकू नका. ती उभी वर ओढून न बांधता कुंपणाला आडवी बांधा. टोकाचा जोर मोडतो, जागोजागचे डोळे फुटतात आणि आखूड फुटव्यांवर फुलं येतात. झुडूपच पुन्हा हवं असेल, तर नवं कलम करताना डोळा त्या वेलीचा न घेता जुन्या, नुकत्याच फुललेल्या फांदीचा घ्या.