कर्नल तुमच्या मशीनच्या मापाचा करून घेण्याआधी

कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्या मधला, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तो आपल्या मशीनच्या मापाचा करून घ्यायला आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याने मशीन फास्ट होईल ना?" उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. ब्राउझर, टायपिंग, व्हिडिओ, हिशेब अशा रोजच्या कामात फरक जाणवत नाही. लिनक्सच्या डिस्ट्रिब्यूशनबरोबर (उबुंटू, फेडोरा अशा तयार संचाबरोबर) येणारा कर्नल शक्य तितक्या पीसींवर चालावा म्हणून बांधलेला असतो. त्याच्यासोबत हजारो ड्रायव्हर, म्हणजे एकेक हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम, येतात हे खरं, पण त्यातले बहुतेक मॉड्यूल म्हणून, म्हणजे गरज पडली तरच मेमरीत चढणारे सुटे तुकडे म्हणून, डिस्कवर नुसते पडून असतात. ते कार्ड तुमच्या मशीनमध्ये नसेल तर त्याचा ड्रायव्हर मेमरीत येतच नाही. थोडी डिस्क अडते, इतकंच.

मग कोणी करून घ्यावा? मशीन इतकं नवं असेल की डिस्ट्रिब्यूशनच्या कर्नलला त्याचं वायफाय किंवा ग्राफिक्स ओळखताच येत नाही, तर नव्या आवृत्तीचा कर्नल लागतो. फार कमी रॅमच्या जुन्या मशीनवर किंवा एकच काम करणाऱ्या डब्यावर खरोखर बचत होते. आवाजाचं रेकॉर्डिंग किंवा यंत्रांचं नियंत्रण करणाऱ्यांना वेळेची नेमकी हमी हवी असते. त्यांना लागणारी रिअल-टाइम सोय पूर्वी वेगळा पॅच लावून मिळवावी लागे, 2024 मध्ये आलेल्या 6.12 पासून ती मूळ कर्नलमध्येच आहे. आणि काही ठिकाणी सुरक्षेसाठी नवं मॉड्यूल चढवण्याची सोयच बंद ठेवायची असते. यातलं तुमचं काहीच नसेल तर आहे तो कर्नल राहू द्या. आम्हीही तोच सल्ला देतो, काम हातचं गेलं तरी.

वाय, एम आणि एन

कर्नलच्या सेटिंगची एक साधी मजकुराची फाइल असते, नाव 'डॉट कॉन्फिग'. तीत हजारो पर्याय असतात. 'मेक मेन्यूकॉन्फिग' चालवलं की तेच पर्याय मेनूत दिसतात. बहुतेक ड्रायव्हरपुढे तीन निवडी असतात: वाय म्हणजे कर्नलच्या पोटातच, एम म्हणजे मॉड्यूल, एन म्हणजे नको. सगळी मेख वाय आणि एम यांच्यातल्या निवडीत आहे.

मशीन सुरू होताना बूटलोडर हा छोटा प्रोग्राम कर्नल मेमरीत आणतो. पुढची सगळी मॉड्यूल डिस्कवर आहेत. पण डिस्क वाचायचा ड्रायव्हरच मॉड्यूल केला असेल तर? पेटीची किल्ली पेटीतच राहिली. हा पेच सोडवायला कर्नलसोबत 'इनिटरॅमएफएस' नावाचं छोटं गाठोडं दिलं जातं आणि सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर त्यात बांधलेले असतात. गाठोडं नको असेल तर डिस्कचा कंट्रोलर आणि रूटची (सिस्टिम जिथे आहे त्या मुख्य पार्टिशनची) फाइलसिस्टम, म्हणजे फाइली मांडायची पद्धत, उदाहरणार्थ ईएक्सटी4, ही दोन्ही वायच हवीत. आम्ही बहुधा दोन्ही करतो: हे ड्रायव्हर पोटात घालतो आणि गाठोडंही ठेवतो. नुसत्या कर्नलला फाइलसिस्टमचा यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) देऊन रूट सापडत नाही, तो शोध गाठोड्यातल्या प्रोग्रामकडून होतो. गाठोडं काढलं आणि बूटच्या ओळीत यूयूआयडी तसाच राहिला तर ड्रायव्हर सगळे बरोबर असूनही मशीन उठत नाही.

अशा वेळी स्क्रीनवर शेवटी दिसतं: 'कर्नल पॅनिक', 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक' आणि कंसात दोन आकडे. या ओळीचा फोटो काढून पाठवलात तर आमचं अर्धं काम होतं, कारण निदान त्या आकड्यांत असतं. कंसात 0,0 असेल तर कर्नलला रूटची डिस्क दिसलेलीच नाही: एक तर कंट्रोलरचा ड्रायव्हर राहिला, नाहीतर रूटचा पत्ता चुकला. 8 ने सुरू होणारी जोडी असेल, तर डिस्क सापडली पण तिच्यावरची फाइलसिस्टम वाचता आली नाही असं बहुतेक वेळा निघतं.

आपल्या मशीनमध्ये आहे तरी काय

खोक्यावरचा कागद किंवा दुकानात मिळालेली यादी यासाठी फारशी उपयोगाची नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वायफायची चिप वेगळी निघू शकते. चालू मशीनलाच विचारा. 'एलएसपीसीआय' या कमांडला 'के' हा पर्याय दिला की प्रत्येक चिपखाली एक ओळ येते, 'कर्नल ड्रायव्हर इन यूज', आणि पुढे ड्रायव्हरचं नाव. यूएसबीच्या वस्तूंसाठी 'एलएसयूएसबी' आहे.

नेहमीच्या पीसीत नावं तीच तीच भेटतात. साटा डिस्कला एएचसीआय, एम डॉट टूच्या नव्या एसएसडीला बहुतेक वेळा एनव्हीएमई. वायरच्या नेटवर्कला रिअलटेक असेल तर आर8169, इंटेल असेल तर ई1000ई किंवा तिच्या नंतरच्या पिढ्यांचे ड्रायव्हर. ग्राफिक्सला इंटेलचा आय915 आणि एएमडीचा एएमडीजीपीयू. यूएसबी 3 साठी एक्सएचसीआय. आवाजाला एचडीए, पण अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आवाजासाठी वेगळा प्रोसेसर असतो आणि तिथे नुसतं एचडीए पुरत नाही.

लॅपटॉपमध्ये दोन जागा हमखास फसवतात. एक, इंटेलची व्हीएमडी नावाची डिस्क हाताळायची सोय. बायोसमध्ये ते चालू असेल तर एनव्हीएमईची डिस्क त्याच्या मागे दडते. एनव्हीएमईचा ड्रायव्हर घातला तरी व्हीएमडीचा घातल्याशिवाय ती दिसत नाही. दुसरी जागा टचपॅड. तो आता बऱ्याचदा आय2सी नावाच्या आतल्या जोडणीवर बसलेला असतो. त्यासाठी आय2सी कंट्रोलर, एचआयडीचा जोड आणि चिपसेटचा पिन कंट्रोल असे तीन वेगवेगळ्या मेनूत विखुरलेले पर्याय लागतात. एक राहिला तरी पॉइंटर जागचा हलत नाही, आणि चूक शोधायला माउस जोडून बसावं लागतं.

वायफाय पोटात घालू नका, असं आम्ही सांगतो. या चिपांना स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, लागतं आणि ते डिस्कवर 'लिब'मधल्या 'फर्मवेअर' फोल्डरात असतं. ड्रायव्हर पोटात असेल तर तो डिस्क जोडली जाण्याआधीच फर्मवेअर मागतो, ते मिळत नाही आणि तो तोंड फिरवून बसतो. एम ठेवा, तो आपल्या वेळी येईल. एएमडीच्या ग्राफिक्सलाही हेच लागू. कीबोर्डचं मात्र उलटं आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासवर्ड रूट उघडण्याच्या आधी टाकायचा असतो. तेव्हा यूएसबी आणि कीबोर्डचे ड्रायव्हर पोटात किंवा गाठोड्यात पाहिजेतच, नाहीतर पासवर्डची चौकट समोर आणि टाइप काही होत नाही.

मशीन देताना सगळं जोडून द्या

'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही सोय 2009 च्या 2.6.32 पासून आहे. या क्षणी जी मॉड्यूल मेमरीत आहेत तेवढी ठेवायची, बाकीची गाळायची, एवढंच ती करते. बिल्डचा, म्हणजे कर्नल बांधण्याचा, वेळ खूप वाचतो. पण 'या क्षणी' हे शब्द नीट वाचा, आमची चूक तिथेच झाली होती.

एका ग्राहकाचं फोटो संपादनाचं मशीन होतं. आम्ही आमची पेन ड्राइव्ह लावली, ती उघडली, यूएसबी ठीक आहे म्हणून पुढे गेलो. मशीन परत गेलं आणि त्याच संध्याकाळी फोन आला: कॅमेऱ्याचं कार्ड उघडत नाही. कार्ड यादीत दिसत होतं, आकारही बरोबर होता, पण उघडायला गेलं की संदेश यायचा 'अननोन फाइलसिस्टम टाइप एक्सफॅट'. आमची पेन ड्राइव्ह फॅट32 ची होती. 32 जीबीच्या वरची एसडी कार्डं एक्सफॅटवर येतात. आमच्या टेबलावर तसं कार्ड कधी लागलंच नाही, म्हणून ते मॉड्यूल चढलं नाही, म्हणून गाळलं गेलं. कर्नलने सांगितलं तेच केलं होतं.

तेव्हापासूनचा नियम: मशीन आणण्यापूर्वी, तुमचा जुना कर्नल चालू असताना, वर्षभरात लागणारी प्रत्येक वस्तू एकदा जोडा आणि वापरा. बाहेरची डिस्क, कार्ड, ब्लूटूथचा हेडफोन, दुसरा मॉनिटर, फोनवरून घेतलेलं इंटरनेट, ऑफिसचं व्हीपीएन, वेबकॅम. नुसतं खोचून चालणार नाही, कार्ड उघडा, व्हीपीएनला कनेक्ट व्हा. मग मशीन बंद न करता 'एलएसमॉड' (चढलेल्या मॉड्यूलची यादी देणारी कमांड) चालवा आणि जे येईल ते फाइलमध्ये साठवून ती आम्हाला द्या. व्हर्च्युअल मशीन किंवा कंटेनर वापरत असाल तर तेही चालू करून ठेवा, ते लोकांना शेवटी आठवतं.

जे आम्ही बंद करत नाही

2018 च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले, त्यानंतर कर्नलमध्ये त्यांवरचे बचाव आले. ते काढले की काही कामं थोडी वेगाने होतात, म्हणून ते काढा अशी मागणी अधूनमधून येते. नेटवर असलेल्या मशीनवर आम्ही ते काढत नाही. डीबगची माहिती मात्र आम्ही जरूर काढतो. ती राहिली तर बिल्डला कित्येक जीबी जागा लागते आणि मॉड्यूल फुगून गाठोडंही फुगतं. बूटचं पार्टिशन लहान असेल तर ते तिथेच भरतं.

तुमचा जुना कर्नल आम्ही बूटच्या मेनूत तसाच ठेवतो. निदान महिनाभर तो काढू नका.

एक गोष्ट आधीच मान्य असू द्या: हा कर्नल डिस्ट्रिब्यूशनच्या अपडेटबरोबर आपोआप नवा होत नाही. सुरक्षेचा दोष सापडला की नवी आवृत्ती घेऊन पुन्हा बिल्ड करावा लागतो. म्हणून आम्ही दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या एलटीएस मालिकेतलाच कर्नल घेतो, खास कारण असलं तरच त्यापुढचा. तुमची 'डॉट कॉन्फिग' आम्ही तुम्हाला देतोच, शिवाय कर्नलच्या आतही ठेवतो, म्हणजे 'प्रॉक' फोल्डरातून ती केव्हाही काढता येते. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाकडे गेलात तरी सगळं शून्यापासून करावं लागणार नाही. वेगळ्याने बसवलेले ड्रायव्हर, जसे एनव्हिडियाचे, नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागतात. त्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइलीही आम्ही सोबत देतो.

फ्रीबीएसडी ही लिनक्सहून वेगळी सिस्टिम वापरणारेही आमच्याकडे येतात. तिथे काम बरंच सुटसुटीत आहे: 'जेनेरिक' नावाच्या फाइलची आपल्या नावाने प्रत करायची आणि नको त्या ओळी काढायच्या. नवा बसवताना जुना कर्नल आपोआप 'कर्नल डॉट ओल्ड' म्हणून बाजूला ठेवला जातो.

मशीनमध्ये सिक्युअर बूट (डिजिटल सही नसलेला कर्नल अडवणारी सोय) चालू असेल तर आमचा कर्नल सहीशिवाय उठणार नाही. सही आमच्या किल्लीने होते, पण ती किल्ली मशीनला मान्य करून देणं तुमच्या हातात आहे, कारण ते काम मशीनसमोर बसूनच होतं. पहिल्यांदा रीस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन येईल आणि दहा सेकंद थांबेल. तेवढ्यात कुठलंही बटण दाबा, 'एनरोल' निवडा आणि पाकिटातल्या चिठ्ठीवरचा पासवर्ड टाका. दहा सेकंद चुकली तर घाबरू नका: मेनूतून जुना कर्नल निवडून आत या आणि चिठ्ठीच्या मागे लिहिलेली कमांड चालवून पुन्हा रीस्टार्ट करा.