रेशीम संग्रहालय : ‘पारंपरिक’ म्हणजे नेमके काय? (पार्श्वभूमी)

पुण्यात पारंपरिक रेशीम उद्योगाचे संग्रहालय करायचा विषय निघाला की पहिल्या दालनात माग ठेवायचा की कोष, इथेच घोडे अडते. गुंता शब्दातच आहे. सरकारी मराठीत ‘रेशीम उद्योग’ म्हणजे तुतीची लागवड, कीटक संगोपन आणि कोषविक्री. विणकाम हातमागाच्या खात्यात जाते. पुणेकराला मात्र रेशीम म्हटले की पैठणी, पीतांबर आणि सोवळ्याचा मुकटा आठवतो.

पुण्याची जुनी ओळख मागाचीच. पेशवाईत इथून आसावली (फुला-वेलींच्या नक्षीच्या) दुपट्ट्यांची मागणी जाई, तीही रंग सांगून : लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. पुढे इंग्रजी अमलातही पुण्याच्या पेठांतून रेशमाला पीळ देणे, रंगवणे आणि विणणे चालू होते. कच्चे रेशीम मात्र बरेचसे चीनमधून मुंबईमार्गे यायचे. म्हणजे परंपरा होती ती विणकराच्या आणि रंगाऱ्याच्या हाताची. अळी पाळणारा त्यात नव्हता.

अळी इथे आणायचा प्रयत्न झाला तो 1830 च्या दशकात. एका इटालियन गृहस्थाने सरकारी मदतीने पुण्याजवळ, कोथरूडला, तुती लावली. प्रयोग टिकला नाही. आज इमारतींनी भरलेल्या कोथरूडला ही आठवण नाही, आणि माझ्या मते संग्रहालयात सर्वांत आधी जागा मिळायला हवी ती या फसलेल्या बागेला.

महाराष्ट्रात अळीची खरी परंपरा विदर्भात आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या जंगलांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या, म्हणजे रानरेशमाच्या, अळ्या वाढवल्या जातात. हे काम पिढ्यानपिढ्या करत आला तो ढिवर समाज. अळ्या उघड्यावर, म्हणून पाखरे आणि मुंग्यांपासून राखण करावी लागते. करवतकाठी साडी याच टसरची. पण संग्रहालयाच्या आराखड्यांत टसरला एखादाच कोपरा मिळतो, हे मला पटत नाही.

तुतीचे रेशीम राज्यात रुजले ते अलीकडे. 1997 मध्ये स्वतंत्र सरकारी यंत्रणा आली. 2018 मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली. अंडीपुंज (अळीच्या अंड्यांचा समूह), चॉकी (कोवळ्या अळ्यांचे संगोपन), चंद्रिका (अळ्या कोष विणतात ती चौकट) हे शब्द आता मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत. हे सगळे ‘पारंपरिक’ नाही. पण वगळले तर आजचा रेशीम उत्पादकच संग्रहालयाबाहेर राहतो.

मांडणीची अडचण वेगळीच. रेशीम उजेडाने झिजते, म्हणून दालनात साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचे एकक) जास्त प्रकाश ठेवत नाहीत आणि वस्त्रे आलटून-पालटून मांडतात. जुनी पैठणी घडी घालून ठेवली तर घडीवरच तुटते. ती गुंडाळून ठेवायची.

आणि कोष उकळण्याचे दृश्य? पतंग कोष फोडून बाहेर आला की सलग धागा तुटतो, म्हणून आतला जीव आधीच मारतात. एका कोषातून साधारण हजार मीटर धागा निघतो तो असा. शाळेची मुले येणार म्हणून ही पायरी गाळायचा आग्रह होतो. तसे केले, तर कोष आणि माग यांच्यामधली भिंत रिकामीच राहील.