थ्री-नॉट-थ्रीच्या डाव्या कुशीवरची तबकडी

थ्री-नॉट-थ्री रायफल मराठवाड्यात कुणाला नवी नाही. पोलिसांच्या खांद्यावर ती कित्येक पिढ्यांनी पाहिली आहे. पण १९०७ साली आलेल्या मार्क थ्री नमुन्याची जुनी रायफल डावीकडून न्याहाळली, तर बॅकसाइटच्या (नेम धरायच्या मागच्या खुणेच्या) थोडं पुढे, लाकडात बसवलेला एक पोलादी भाग कोड्यात टाकतो. चपटी तबकडी, तिच्यावर आकडे, मध्ये स्क्रू आणि त्याभोवती फिरणारा आखूड दांडा. दांड्याच्या टोकाला मण्याएवढा उंचवटा. कुणी म्हणतं ही दुर्बीण बसवायची जागा, कुणी म्हणतं पट्टा अडकवायची.

उकल मागच्या बाजूला आहे. डावीकडेच, सेफ्टी कॅचपाशी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेल्या खटक्यापाशी), उभी करता येणारी एक बारीक पट्टी असते आणि तिच्या टोकाला छिद्र. या छिद्रातून पाहायचं आणि पुढचा मणी लक्ष्यावर धरायचा. म्हणजे ही नेमच धरायची दुसरी जोडी झाली. मग नळीवर चांगली फोरसाइट-बॅकसाइट, म्हणजे पुढची-मागची नेमखूण, असताना ती कशाला?

तबकडीवरचे आकडे शेकडा यार्डांचे आहेत आणि ते २८च्या घरात, म्हणजे २,८०० यार्डांपर्यंत जातात. हे झाले सुमारे अडीच किलोमीटर. नळीवरची बॅकसाइट २,००० यार्डांवर संपते. गोळी जितकी लांब टाकायची तितकी नळी वर उचलावी लागते, आणि नळी उचलायची तर बॅकसाइट उंच करावी लागते. दोन साइट्समधलं अंतर जेमतेम अर्धा मीटर. नळी ५ अंश वर हवी असेल तर बॅकसाइट चार सेंटिमीटरहून जास्त चढवावी लागेल, ८ अंशांना जवळपास सात. एवढ्या उंचीवर डोळा नेला की गाल दस्त्यावरून सुटतो आणि नेम डळमळतो.

कारागिरांनी यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. मागचं टोक वर चढवत बसण्यापेक्षा त्यांनी पुढचं टोक खाली नेलं. नळीच्या वर हे जमत नाही, कारण खाली नळीच आडवी येते. बाजूला मात्र जागा मोकळी. दांडा मोठ्या आकड्यावर फिरवला की मणी खाली सरकतो, छिद्र जागच्या जागी राहतं, आणि मणी लक्ष्यावर आणताना नळी आपोआप वर उचलली जाते.

अडीच किलोमीटरवर उभा माणूस किती दिसतो? हात लांब करून धरलेल्या खसखशीच्या दाण्याच्या निम्मा. एकट्यादुकट्याला टिपण्याचा प्रश्नच नव्हता. लक्ष्य म्हणजे घोडदळाचा जथा, तोफांची रांग. अख्खी तुकडी एका हुकमावर एकदम बार काढायची, प्रत्येकाचा नेम थोडाथोडा चुकायचा, आणि त्या चुकांमुळेच गोळ्या मोठ्या पट्ट्यात विखरून पडायच्या. आपण ज्याला फैर म्हणतो तीच ही; सलामीला हवेत झाडतात, तेव्हा लक्ष्यावर झाडत.

पहिल्या महायुद्धात लांबचा मारा मशीनगन आणि तोफांकडे गेला, आणि लाखोंनी रायफली बनवताना तबकडीचं काम परवडेना. १९१६च्या ‘मार्क थ्री स्टार’ नमुन्यातून ती गेली. पुष्कळ रायफलींवर दांडा काढून टाकलेली नुसती तबकडी उरली, म्हणून आज ओळख पटत नाही.

त्याच वेळी आणखी एक भाग काढला: मॅगझिन कट-ऑफ, उजवीकडून आत सरकणारी पातळ पट्टी. ती मॅगझिनमधल्या, म्हणजे रायफलीखालच्या पेटीतल्या, १० राऊंडवर (काडतुसांवर) झाकण घालते. शिपायाने एकेक राऊंड हाताने भरायचा आणि मॅगझिन अडीअडचणीला राखायचं. जुनी रायफल हाताळणाऱ्याने हिला ओळखायलाच हवं. पट्टी आत असताना बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा, उघडला तर वरून फक्त लोखंड दिसतं आणि रायफल रिकामी वाटते. पुढे कुणी पट्टी बाहेर ओढून बोल्ट बंद केला की राऊंड थेट चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या, गोळी सुटायच्या जागी. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे घेऊन चेंबरमध्ये करंगळी घालून पाहायचं.

संग्रहातल्या रायफलीचा तबकडीचा स्क्रू अडकला असेल तर जोर लावू नये. खाचेत बरोबर न बसणाऱ्या पेचकसाने खाच झिजते, आणि मग तो स्क्रू निघतच नाही. भेदक (फटीत शिरणाऱ्या पातळ) तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर थांबावं; तेल लाकडाला लागू देऊ नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि तबकडीभोवतीच्या खाचेच्या कोपऱ्यांतून तडे सुरू होतात. लाकडाला ब्रिटिश सैन्य कच्चं जवसाचं तेल लावायचं, ज्या जवसाची आपण चटणी करतो तेच. बोटाने पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने पुसायचं. जाड थर चिकट होतो आणि धूळ धरतो. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना उष्णता सोडतं. तेल पुसलेला कापडाचा बोळा चुरगळून टाकला तर ती आत साठून बोळा आपोआप पेटू शकतो. तो दोरीवर पसरून वाळवावा.